कपाळाला आठी : पडलेली आणि घातलेली

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही अनुवाद करत असलेल्या इंग्रजी कथेत एक बाप जेवणाच्या टेबलावर मुलीकडे बघून 'स्काउल' (scowl) करतो, म्हणजे नाराजीचा चेहरा करतो. तुम्ही लिहिलंत, 'वडिलांनी कपाळाला आठ्या घातल्या.' संपादकांनी ते खोडून 'वडिलांनी डोळे वटारले' असं केलं. कोशात दोन्ही सापडतं, मग बरोबर कोण? आणि मुळात 'आठी' या शब्दाचा अर्थ राग असा आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. आठी म्हणजे राग नव्हे. आठी म्हणजे कपाळाच्या कातडीला पडलेली घडी. ती रागाने पडते, तशीच उन्हाने, डोकेदुखीने, काळजीने आणि अवघड गणितानेही पडते. डोळे वटारणं मात्र दुसऱ्याला दाखवण्यासाठीच असतं. तेव्हा तुमच्या कथेतल्या बापाला आपला राग मुलीला दाखवायचा होता की तो नुसता त्याच्या चेहऱ्यावर उमटला, यावर निवड ठरेल. मी तीस वर्षं अनुवाद करते आहे आणि इतरांचे अनुवाद तपासतेही आहे. चेहऱ्यावरचे भाव मराठीत आणताना सगळ्यात जास्त गल्लत होते ती इथेच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी शब्दाकडे बघू. आठी हे स्त्रीलिंगी नाम आहे. एक आठी, अनेक आठ्या. कपाळाला पडते किंवा कपाळावर पडते, दोन्ही चालतं. सुरकुती आणि आठी यांत लोक फार गोंधळ करतात. सुरकुती वयाने येते आणि आली की राहते. ती गालावर, मानेवर, हातावर, कुठेही येते. आठी कपाळाची आणि घडीभराची. 'म्हाताऱ्याच्या कपाळावर आठ्या होत्या' असं लिहिलंत की वाचक विचारतो, का बरं, काय झालं? 'सुरकुत्या होत्या' म्हटलं की तो काहीच विचारत नाही.

माझी आजी दुपारी खिडकीशी बसून तांदूळ निवडायची. मांडीवर ताट, चष्म्याची एक काडी तुटलेली म्हणून तिथे दोरा बांधलेला, आणि बोटाने एकेक खडा बाजूला सारताना कपाळावर दोन भुवयांच्या मधोमध दोन उभ्या खोल आठ्या. मी प्रगतिपुस्तक हातात घेऊन दारापर्यंत यायचे, त्या आठ्या बघायचे आणि मागे फिरायचे. वाटायचं, आज आजी चिडली आहे. एकदा मी फिरतच होते तेवढ्यात तिने मान वर केली, आठ्या गेल्या, कपाळ सपाट झालं आणि ती म्हणाली, "काय गं, ये की." तिला फक्त खडे दिसत नव्हते. आठीचा अर्थ मी कोशात नंतर वाचला, आधी असा शिकले.

डार्विनने 1872 साली माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावदर्शनावर लिहिलेल्या पुस्तकात हेच निरीक्षण मांडलं आहे. कपाळ आक्रसणं ही नुसत्या विचारमग्नतेची खूण नाही. विचारात किंवा कामात काही अवघड किंवा अप्रिय आडवं आलं की ते होतं, असं तो म्हणतो. भुवयांच्या आतल्या टोकांशी एक छोटा स्नायू असतो, तो भुवया खाली आणि आत ओढतो आणि मधे उभ्या घड्या पडतात. आश्चर्याने भुवया वर गेल्या की कपाळावर आडव्या रेघा उमटतात, त्या वेगळ्या स्नायूच्या. मराठीत दोन्हींना आठ्याच म्हणतात, पण 'कपाळाला आठी' म्हटल्यावर आपल्या मनात येते ती पहिली, अडचणीची.

मराठी वापरातही हे स्पष्ट दिसतं. 'आठी' हा शब्द नकारासहित कुठे येतो ते आठवून बघा. एखादी बाई गेली की शोकसभेत कुणीतरी हमखास म्हणतं, "आल्यागेल्याचं एवढं केलं, पण कपाळावर कधी आठी दिसली नाही." इथे आठी म्हणजे राग नाही, आठी म्हणजे कंटाळा, त्रास, नकोसेपणा. पंचवीस माणसांचा स्वयंपाक झाल्यावर सव्वीसावा माणूस दारात आला आणि तिचं कपाळ हललं नाही, हे ते कौतुक. मला हे वाक्य ऐकलं की नेहमी वाटतं, त्या कपाळाने किती वेळा घडी पडू दिली नसेल, आणि ते कुणी मोजलं नसेल. पुरुषांबद्दल हे वाक्य फार क्वचित ऐकू येतं. एखाद्या शब्दप्रयोगात समाज कसा बसलेला असतो ते पाहायचं तर हे उदाहरण घ्यावं.

आता क्रियापदं, कारण सगळी मेख तिथे आहे. आठी पडते आणि आठी घातली जाते. 'तिच्या कपाळाला आठी पडली' यात तिने काही केलं नाही, ते तिच्याकडून झालं. 'तिने कपाळाला आठी घातली' यात ती कर्ता आहे, नापसंती तिने चेहऱ्यावर आणून ठेवली आहे. 'आठ्या उमटल्या' हे पडण्याच्या जवळचं, थोडं पुस्तकी. 'आठ्यांचं जाळं' म्हटलं की काळजी किंवा विचार, राग नव्हे. मी स्वतः एकदा इथे चुकले आहे. एका कादंबरीत डॉक्टर रुग्णाचा रिपोर्ट वाचतात आणि त्यांचं कपाळ आक्रसतं. मी लिहिलं, 'डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या.' पुस्तक छापून आल्यावर एका वाचकाचं पत्र आलं की डॉक्टर त्या बिचाऱ्या माणसावर का चिडले ते पुढे कुठेच कळत नाही. त्यांचं म्हणणं पूर्ण बरोबर होतं. 'पडल्या' असं लिहिलं असतं तर डॉक्टरांची काळजी दिसली असती. एका क्रियापदाने मी एका भल्या माणसाला खेकसणारा करून टाकलं होतं.

म्हणून अनुवाद करणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, नाम सापडलं म्हणून थांबू नका, त्याच्याबरोबर कोणतं क्रियापद जातं ते बघा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची (पहिली आवृत्ती 1831, सुधारलेली 1857) मला सगळ्यात मोठी मदत याच बाबतीत होते. त्यात नामापुढे एक बारीक रोमन अक्षर देऊन 'पड', 'घाल', 'कर', 'लाव' अशी सोबतीची क्रियापदं दिलेली असतात. पावणेदोनशे वर्षांपूर्वी त्या माणसांना कळलं होतं की मराठी नाम क्रियापदाशिवाय अर्धंच असतं. दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश'ही हाताशी असू द्या. शरीराच्या अवयवांवरून मराठीत किती बोललं जातं ते तो चाळताना कळतं.

डोळे वटारणं हा वेगळाच प्रकार आहे. एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. आई सहा-सात वर्षांच्या मुलाला घेऊन कुणाकडे गेली आहे. यजमानीणबाई बेसनाच्या लाडवांचं ताट पुढे करतात. मुलगा एक घेतो, खातो, आणि हात पुन्हा ताटाकडे जातो. आई बोलत नाही. बोलणं यजमानीणबाईंशी चालूच असतं, ओठांवर हसूही तसंच असतं, फक्त क्षणभर तिची मान मुलाकडे वळते आणि डोळे मोठे होतात, बुबुळाच्या वरचं पांढरं दिसतं इतके मोठे. मुलाचा हात जागच्या जागी थांबतो. यजमानीणबाईंच्या लक्षातही येत नाही. याला डोळे वटारणं म्हणतात. कपाळ यात हललंच पाहिजे असं नाही. आवाज तर नसतोच, आवाज आला की ते दटावणं, डाफरणं, खेकसणं होतं.

यातून दोन गोष्टी निघतात. वटारणं हे समोरच्यासाठी असतं, एकट्या माणसाने भिंतीकडे बघून डोळे वटारले असं होत नाही. आणि ते वरून खाली जातं. आई मुलाला, मास्तर वर्गाला, थोरली जाऊ धाकटीला. खालून वर गेलं की तो उद्धटपणा ठरतो आणि लगेच शब्दांत पकडला जातो : "मला डोळे वटारून दाखवतोस?" कोल्हापूरकडे "डोळं वटारतोस व्हय?" एवढं पुरतं, पुढचं सांगावं लागत नाही. म्हणून इंग्रजी कथेत मूल आईकडे 'स्काउल' करतं तेव्हा 'त्याने आईकडे डोळे वटारून पाहिलं' असं लिहिलं की मराठी वाचकाला ते मूल फार वाया गेलेलं वाटतं. मूळ लेखकाला बहुधा एवढंच म्हणायचं असतं की पोरगं घुश्श्यात होतं.

वटारणं हे क्रियापद डोळ्यांखेरीज दुसऱ्या कशाला लागत नाही, हेही लक्षात घ्या. डोळे विस्फारतात ते आश्चर्याने. डोळे फाडून बघतात ते अविश्वासाने किंवा हावरेपणाने. डोळे रोखतात ते जाब विचारायला. डोळे पांढरे होतात भीतीने, डोळे फिरतात पैशाने किंवा पदाने. डोळे तेच, पण क्रियापद बदललं की माणूस बदलतो. आणि वटारणं इतकं धाकाशी जोडलेलं आहे की शेतीच्या बातम्यांत 'पावसाने डोळे वटारले' असा मथळा दर दोन-चार वर्षांनी येतोच. पाऊस न येणं म्हणजे वरच्याने खालच्यावर रोखलेला डोळा. शेतकऱ्याच्या जागी उभं राहून बघितलं तर यापेक्षा नेमकं काही सुचणार नाही.

संस्कृतातून आलेल्या शब्दाबद्दलही तुम्ही विचारलं आहे, भृकुटी की भ्रुकुटी. मराठीत दोन्ही रूपं चालतात. मूळ शब्दात 'भ्रू' म्हणजे भुवई आणि 'कुटि' म्हणजे वाकडेपणा. अमरकोशाच्या नाट्यवर्गात भ्रकुटि, भ्रुकुटि आणि भ्रूकुटि अशी तीन रूपं ओळीने दिली आहेत, म्हणजे गोंधळ आजचा नाही. त्याच ठिकाणी लगेच पुढे अमर एक फार सुंदर शब्द देतो : 'अदृष्टि', म्हणजे असौम्य डोळा, नाराजीने टाकलेली नजर. मराठीत हा अर्थ उतरला नाही याची मला हळहळ वाटते. भरताच्या नाट्यशास्त्रात भुवयांची सात कर्मं सांगितली आहेत, त्यांपैकी एक भ्रुकुटी : दोन्ही भुवया मुळापासून उचलणं, आणि तिचा उपयोग क्रोधाच्या जागी. दृष्टींचे छत्तीस प्रकार सांगताना भरताने 'रौद्री' आणि 'क्रुद्धा' या दोन निरनिराळ्या मानल्या आहेत, एक रसाची आणि एक स्थायीभावाची. नटाला हा फरक डोळ्यांत आणावा लागत असे. आपण तर फक्त लिहिणार, तेव्हा निदान शब्द तरी नीट निवडावा.

गंमत अशी की संस्कृतात भ्रुकुटी म्हणजे वाकडी केलेली भुवई, पण मराठीत येता येता तो शब्द नुसत्या भुवईसाठीही वापरात आला. ज्या घरात संध्याकाळी दिवा लावल्यावर 'भीमरूपी महारुद्रा' म्हटलं जातं तिथे लहान पोरालाही ही ओळ पाठ असते : 'नेत्राग्नी चालिल्या ज्वाळा, भ्रुकुटी ताठिल्या बळें'. समर्थांनी इथे भ्रुकुटी वाकवल्या नाहीत, ताठ केल्या आहेत. म्हणजे ही भुवईच. आजच्या गद्यात 'भृकुटी चढवणे' किंवा 'भृकुटी वक्र होणे' वापरायचं तर पात्र त्या उंचीचं हवं, एखादा राजा, ऋषी, जुन्या नाटकातला सेनापती. बसमधल्या कंडक्टरची भृकुटी वक्र झाली असं लिहू नये, वाचक हसतो. आणि वृत्तपत्रांतलं 'भुवया उंचावल्या' हे रागासाठी मुळीच वापरू नका. ते नवल किंवा शंका यांच्यासाठी रुळलं आहे.

आतापर्यंत आपण चेहऱ्याच्या वरच्या अर्ध्यात होतो. इंग्रजीतून अनुवाद करताना एक खाच इथे आहे. 'फ्राउन' हा शब्द ब्रिटिश लेखक भुवयांसाठी वापरतात, पण अमेरिकेत पुष्कळदा त्याचा अर्थ ओठांची टोकं खाली वळणं असा होतो, हसण्याच्या उलट. अमेरिकन कथेत लहान मुलगी 'फ्राउन' करते तेव्हा तिच्या कपाळाला आठी घालू नका. तिचं तोंड उतरलं, ती हिरमुसली, तिने ओठ काढला, यांपैकी काहीतरी असतं. मराठीत खालच्या अर्ध्याचा राग बहुतेक रुसव्याकडे झुकतो : तोंड फुगवणं, गाल फुगवणं, फुरंगटून बसणं. हा राग आपल्या माणसावर असतो आणि समजूत काढली जावी अशी त्यात अपेक्षा असते. नाक मुरडणं हा राग नाहीच, ती नापसंती, तुच्छतेकडे कललेली. नाकपुड्या फेंदारणं मात्र खरा संताप. दात-ओठ खाणं म्हणजे करता येत नाही म्हणून गिळलेला संताप. इमोजींतही ही सरमिसळ आहे. 2010 साली युनिकोडमध्ये आलेल्या लालभडक संतापलेल्या चेहऱ्याचं अधिकृत नाव 'पाउटिंग फेस' आहे, म्हणजे ओठ फुगवलेला. आपल्याकडे तो चेहरा बघून कुणीही रुसलाय म्हणणार नाही, चिडलाय म्हणेल.

नजरेचे शब्द भराभर सांगते. 'जळजळीत कटाक्ष' क्षणाचा असतो, टाकला आणि झाला. 'खाऊ की गिळू अशा नजरेने बघणे' हे लांबतं, आणि बोलीत फार जिवंत आहे. 'करडी नजर' हा राग नाही, तो सततचा पहारा आहे. 'वक्रदृष्टी' शनीची असते किंवा साहेबाची, तिचा परिणाम दिसतो, चेहरा दिसतोच असं नाही. वरिष्ठाची 'खप्पामर्जी' झाली यातही चेहरा नसतो, फक्त वार्ता असते. 'त्रासिक मुद्रा' हा शब्द मला फार उपयोगी वाटतो, सरकारी खिडकीपलीकडच्या माणसापासून तापाने फणफणलेल्या रुग्णापर्यंत कुठेही बसतो, कारण तो कुणावर आरोप करत नाही.

एक शुद्धलेखनाची गोष्ट, हस्तलिखितांत मला ती दर महिन्याला भेटते. आठी, अढी आणि आढी हे तीन वेगळे शब्द आहेत. आठी कपाळावर. अढी मनात, 'त्याच्या मनात माझ्याबद्दल अढी आहे', म्हणजे जुना धरलेला आकस. आढी आंब्यांची, गवतात पिकत घातलेली. 'कपाळावर अढी' असं छापलेलं मी वाचलं आहे, आणि 'मनात आठी'सुद्धा. आठी दिसते आणि जाते. अढी दिसत नाही आणि बसून राहते. एका कथेत माणसाच्या कपाळावरची आठी गेली आणि मनात अढी राहिली असं घडू शकतं. तिथे अक्षर चुकलं तर कथाच उलटते.

आता तुमचा प्रसंग. 'स्काउल' या शब्दात दोन्ही आहेत, आक्रसलेलं कपाळही आणि समोरच्यावर रोखलेली नजरही. मराठीत दोन्ही एका शब्दात येत नाही, ते निवडावं लागतं. तुम्ही पाठवलेल्या उताऱ्यात बाप चेहरा करतो आणि मुलगी पुढच्याच वाक्यात 'काटा खाली ठेवते'. म्हणजे तिला ते दिसलं, आणि ते तिच्यासाठीच होतं. इथे संपादकांचं 'डोळे वटारले' जास्त जवळचं आहे. पण मला त्यातही एक खटकतं. मुलगी एकोणीस वर्षांची आहे, तीन महिन्यांनी घरी आली आहे, आणि टेबलावर फक्त ती दोघं आहेत. डोळे वटारणं हे लहान मुलासाठी किंवा चारचौघांत गप्प करण्यासाठी. एकट्या बापाने एकोणीस वर्षांच्या मुलीवर डोळे वटारले तर तो तिला अजून सात वर्षांची समजतो असा अर्थ निघतो. लेखकाला तसं म्हणायचं असेल तर तो शब्द अचूक आहे. कथेचा शेवट वाचून तुम्हीच ठरवा.

तसं नसेल तर मी दोन तुकडे करीन. 'वडिलांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. तिने काटा खाली ठेवला.' पहिल्या वाक्यात त्यांच्याकडून झालेलं, दुसऱ्यात त्यांनी केलेलं. इंग्रजीत एक शब्द होता, इथे दोन वाक्यं झाली, त्याची काळजी करू नका. 'रागाने' हा शब्द मात्र कुठेही घालू नका. आठी आणि रोखलेली नजर एकापाठोपाठ आल्यावर तो आपोआप येतो. लिहून झाल्यावर आरशासमोर बसा, आधी नुसती आठी पाडून बघा, मग नजर रोखा, मग डोळे वटारा. मी अजूनही प्रत्येक अशा वाक्याला हे करते. तीनपैकी कोणता चेहरा तुमच्या कथेतल्या त्या माणसाचा आहे ते लगेच ओळखू येतं.